वस्तीत चौथा सर्व्हे : मोजायचं कोणासाठी?

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

आम्ही पुण्याच्या सहकारनगरातले सहा-सात निवृत्त लोक. दोन नर्सबाई, एक फार्मासिस्ट, बाकी माझ्यासारखे बँकवाले. तीन वर्षं झाली, दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा टेकडीवरच्या वस्तीत समाजमंदिरात बसतो. बीपी बघतो, बोटातून थेंब घेऊन साखर बघतो, जास्त निघाली की चिठ्ठी देऊन सरकारी दवाखान्यात पाठवतो. खर्च आपापसातल्या वर्गणीतून. या वर्षी एका कंपनीने सीएसआरमधून (कंपन्यांचा समाजकार्यासाठीचा निधी) चार लाख द्यायची तयारी दाखवली. अट एकच : त्यातले साठ हजार 'इम्पॅक्ट असेसमेंट'साठी, म्हणजे कामाचा परिणाम मोजण्यासाठी, बाजूला ठेवायचे, ते काम त्यांनी सुचवलेली एजन्सी करणार.

मागच्या रविवारी एजन्सीचा नमुना फॉर्म घेऊन वर गेले. अकरा पानं. पहिल्याच घरी एक बाई भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ताई, हा चौथा. आधीचे तिघं लिहून घेऊन गेले त्याचं काय झालं ते सांगा, मग तुमचा भरते." मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्याकडचा चहा पिऊन खाली आले.

तर प्रश्न असा : हे साठ हजार मोजण्यावर घालवावेत का? आमच्यातले दोघं म्हणतात, पैसेच नाकारू. मला मोजणं पटतं. जन्म बँकेत गेला, कॅश जुळल्याशिवाय कधी घरी गेले नाही. पण इथे नेमकं काय जुळवायचं तेच उमगत नाहीये. अनुभवी लोकांनी सांगावं.

अर्धाकटिंग

अकरा पानांचे साठ हजार म्हणजे पानाला जवळजवळ साडेपाच हजार. एवढं मानधन दिवाळी अंकवाले देत असते तर मीही लेखक झालो असतो.

हिशेबनीस

सीए आहे म्हणून तेवढंच बोलतो. सीएसआरच्या नियमांत २०२१ साली बदल झाला, त्यानुसार त्रयस्थाकडून असं मूल्यमापन सक्तीचं आहे ते १ कोटी किंवा त्याहून जास्त खर्चाच्या प्रकल्पांना, आणि तेही ज्या कंपनीचं सीएसआरचं बंधन सरासरी १० कोटींच्या घरात किंवा वर आहे तिला. तुमच्या चार लाखांना कायदा हात लावत नाही. कंपनीला हवं असेल तर ती तिची हौस आहे. हौसेला घासाघीस चालते. "आम्ही आमचा आकडा आमच्या पद्धतीने देतो, चालेल का" असं सरळ विचारा.

पर्वतीपायथा

@हिशेबनीस, हे माहीतच नव्हतं. आभार! आम्ही चार लाखांच्या दडपणाखाली माना डोलावून आलो होतो.

जुना_पेठकर

पुण्याला सर्व्हे नवीन नाहीत हो. इथल्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी एक अख्खं गाव घरटी मोजलं, ते छापून आलं १९१७ साली. गाव कुठलं? पिंपळे सौदागर, आता पिंपरी-चिंचवडचं उपनगर! जमिनीचे वारसांत तुकडे तुकडे झालेत आणि गाव कर्जात बुडालंय, असं त्यांनी आकडे मांडून दाखवलं. पुढे धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने पुण्यातली घरं पिंजून काढली, त्याचा पहिला भाग १९४५ चा. आमच्या वाड्यातही कोणी तरी वही घेऊन आलं होतं असं आजोबा सांगायचे. वाडा पडला, बिल्डर आला, वही कुठे गेली कोण जाणे.

अर्धाकटिंग

पिंपळे सौदागर आजही कर्जातच आहे. फक्त सावकाराच्या जागी होमलोन आलंय, वीस वर्षांचा हप्ता. मानसाहेबांचा निष्कर्ष शंभर वर्षं टिकला, याला म्हणतात भक्कम संशोधन.

मोजपट्टी

अवांतर पुरे. ताई, मी संख्याशास्त्र शिकवायचो, आता घरी बसून नातवाला पाढे शिकवतो. जरा लांबड लावतो, चालवून घ्या.

"किती लोकांना तपासलं" हा आकडा सगळे देतात. तो तुमच्या कष्टाचा आकडा झाला, त्यांच्या तब्येतीचा नव्हे. तुम्हाला हवाय तो प्रश्न एवढाच : ज्यांचं बीपी जास्त निघालं होतं त्यांच्यापैकी आज कितींचं १४०/९० च्या खाली आहे? सरकारने २०१७ च्या अखेरीस रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम पाच राज्यांत सुरू केला (महाराष्ट्र त्यात होता) त्यात दवाखान्यादवाखान्यातून मुख्यतः हेच विचारतात. बाकी फाफटपसारा कमी. रुग्णाचं कार्ड, तारीख, आकडा.

आता दोन खड्डे सांगतो, भलेभले त्यात पडतात.

पहिला. टेकडी चढून, रांगेत भांडून, पहिल्यांदा सुई-मशीन बघून बसलेल्या माणसाचं बीपी त्या दिवशी चढलेलंच असतं. तुम्ही त्यालाच 'जास्त' म्हणून निवडता. पुढच्या महिन्यात त्यातल्या बऱ्याच जणांचं आपोआप खाली येतं. तुम्ही काही केलं नसतं तरी आलं असतं! ज्यांचा आकडा त्या दिवशी योगायोगाने टोकाला होता, त्यांचा दुसऱ्या वेळी मधल्या बाजूला सरकतो, एवढंच. आणि अहवालात छापलं जातं, "आमच्या उपक्रमामुळे घट." म्हणून आधी पाच मिनिटं शांत बसवा, दोनदा मोजा, आणि एका दिवसाच्या आकड्यावर कोणाला यादीत टाकू नका.

दुसरा. जे येत राहिले त्यांचीच सरासरी काढाल तर ती छानच येणार. ज्यांनी गोळ्या सोडल्या, ज्यांना अर्धांगाचा झटका आला, जे गावी गेले, ते वहीतून गळाले. भागाकार करताना खाली सुरुवातीची सगळी नावं ठेवा, आज आलेली नव्हेत. आकडा बघून वाईट वाटेल. वाटू द्या.

शेजारच्या_काकू

मोजपट्टीसर, पहिला खड्डा वाचून डोळे उघडले. आमच्या भिशीत एक जण दर महिन्याला काढा विकते, "प्याल्यावर बीपी उतरतं" म्हणते. उतरतंच की! रागारागाने जिना चढून आलेलं बीपी पंख्याखाली बसल्यावर उतरतंच.

चौथा_जिना

मी अशाच वस्तीत वाढलो, अजून तिथेच राहतो. (ताईंची वस्ती तीच असेल-नसेल, नाव नका लिहू.) आता कुरियरच्या ऑफिसात कामाला आहे. दोन गोष्टी या बाजूने सांगतो.

सर्व्हेवाले येतात अकरा ते चार. त्या वेळेत घरात असतं कोण? म्हाताऱ्या, आजारी माणसं, लेकुरवाळ्या. माझी आई आणि तिच्यासारख्या सगळ्या तेव्हा बिबवेवाडी नाहीतर कोथरूडात कोणाच्या तरी ओट्यापाशी. म्हणजे तुमच्या फॉर्मात 'वस्तीतल्या महिला' म्हणून ज्या येतात त्या वस्तीतल्या कमावत्या महिला नसतातच. कोणाला हे खटकत नाही का?

दुसरं. वही-पेन घेऊन माणूस दिसला की वस्तीत पहिली कुजबुज एकच, "झोपुवाले आले," म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनवाले. कोणत्या सालापासून राहता, हा प्रश्न तुम्हाला साधा वाटतो. आम्हाला नाही. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर घर फुकट, २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून, त्यानंतरचा असेल तर रस्ता. मग भाडेकरू भाऊ होतो, गावाहून आलेला मेहुणा गायब होतो, घरात माणसं किती याचं उत्तर ऐनवेळी ठरतं. यात लबाडी नाही, छप्पर आहे. तुम्ही बीपी विचारताय की घर काढून घेताय, हे पहिल्या मिनिटात कळत नाही हो.

आणि त्या भांडी घासणाऱ्या ताईंना माझा सलाम सांगा.

पर्वतीपायथा

@चौथा_जिना, तीन वर्षांत हे आम्हाला कोणी बोललं नाही. किंवा आम्ही विचारलं नाही. त्या अकरा पानांत 'या घरात किती वर्षांपासून' हा तिसराच प्रश्न आहे. बीपीशी त्याचा काय संबंध, हे एजन्सीला विचारते.

डॉ_बिनपाटीचे

संशोधनाने काही होत नाही असा सूर लागायच्या आत गडचिरोलीची आठवण करून देतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने नवजात बाळांसाठी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं. ३९ गावांत हे केलं, शेजारच्या ४७ गावांत केलं नाही आणि दोन्हीकडचे जन्म-मृत्यू काटेकोर नोंदले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी खाली. १९९९ ला 'लॅन्सेट'मध्ये आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन-ताप बघतात, त्याची मुळं त्या गावांत आहेत. नुसतं चांगलं काम केलं असतं तर ते ३९ गावांतच राहिलं असतं. मोजलं म्हणून दिल्लीला नाही म्हणता आलं नाही.

उन्हाळी_आवळा

डॉक्टर, मला हा दाखला नेहमी टोचतो. त्या ४७ गावांतल्या बाळांचं काय? तिथल्या आयांना सांगितलं होतं का, की तुम्ही 'तुलनेसाठी' आहात?

डॉ_बिनपाटीचे

टोचलाच पाहिजे. त्या गावांत सरकारी सेवा जशी होती तशी चालू होती, कोणाचं काही काढून घेतलं नव्हतं. आणि थोडीफार शाळा शिकलेली गावातली बाई इंजेक्शन देऊन बाळ वाचवू शकते हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं, बरेच डॉक्टर तर 'मारतील' म्हणत होते. एखाद्या गोष्टीने गुण येतो हे ठाऊक असताना अर्ध्यांना न देणं हे पाप. ठाऊक नसताना सगळ्यांना देऊन टाकणं हा जुगार. फरक तेवढाच, पण तो फार मोठा.

याचाच दुसरा अर्थ ताईंच्या कामाचा आहे. बीपीच्या गोळ्यांनी झटके टळतात हे जगात सिद्ध झालंय. तुम्हाला ते पुन्हा सिद्ध करायचं नाही, म्हणून 'उपक्रम नसलेली वस्ती' शोधायची अजिबात गरज नाही. एजन्सीने तशी तुलना सुचवली तर चहा पाजून परत पाठवा. गोळी माणसापर्यंत पोचते का आणि तो ती घेतो का, एवढंच बघायचंय.

उन्हाळी_आवळा

हे पटलं. पहिला भाग अजून पूर्ण नाही पटला, पण तो दुसऱ्या धाग्यावर.

लालपिवळंहिरवं

आता माझा अनुभव. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेख (लोकांनीच सरकारी सेवांवर लक्ष ठेवायचं) सुरू झाली, पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. पुण्यातली 'साथी' संस्था राज्याचं समन्वयाचं काम बघायची. मी तेव्हा एका छोट्या संघटनेत होते, तालुक्यातल्या गावांत फिरायचे.

पद्धत साधी. गावातले लोकच बसून आपल्या उपकेंद्राला, आरोग्य केंद्राला रंग द्यायचे. औषधं मिळाली का, नर्सबाई येतात का, पैसे मागितले का. हिरवा, पिवळा, लाल. वाचता न येणारी आजीसुद्धा लाल ठिपका बघून म्हणायची, "ह्ये बराबर हाय." तो तक्ता गावात टांगला जायचा आणि मग जनसुनवाई : मांडव, समोर अधिकारी, इकडे गाव, मध्ये माईक.

खरं सांगू? आकडेवारीच्या दृष्टीने तो तक्ता मोजपट्टीसरांनी नापास केला असता. पण जे कागद मी नंतर नोकरीत चकचकीत बाइंडिंग करून पाठवले, त्यातल्या एकानेही जे केलं नाही ते त्या तक्त्याने केलं. एका केंद्रावर बाळंतपणाच्या खोलीत पाणीच नव्हतं. सुनवाईत एक बाई उठून एवढंच म्हणाली, "मी घरून कळशी घेऊन बाळंत झाले." पंधरा दिवसांत टाकी बसली. त्याच केंद्राचा डॉक्टरही नंतर भेटून म्हणाला, "बरं झालं, मी दोन वर्षं लिहून थकलो होतो."

सगळीकडे असं झालं नाही. काही ठिकाणी सुनवाईनंतर बोलणाऱ्या बाईलाच केंद्रात हडतहुडत झाली. तेही लिहिलं पाहिजे.

मोजपट्टी

@लालपिवळंहिरवं, नापास नसता केला. परीक्षाच वेगळी आहे. तुम्ही अंदाज काढत नव्हता, पुरावा मांडत होता. कळशीच्या एका वाक्याला नमुन्याचा आकार विचारायचा नसतो.

जुना_पेठकर

मी एका सरकारी कचेरीत (कुठल्या ते नाही सांगणार, पेन्शन चालू आहे) बत्तीस वर्षं होतो. अहवालांचं एक कपाट होतं, गोदरेजचं, दोन दारी. किल्ली हरवली तेव्हा आठ महिने कोणाच्या लक्षात आलं नाही.

अर्धाकटिंग

काका, हा या धाग्यावरचा सर्वोत्तम आकडा आहे. आठ महिने.

काचपत्रा

एक उदाहरण इथलंच, पुण्याचं, आणि ते कपाटात गेलं नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ला झाली. कचरावेचक बायका तोवर शहराच्या लेखी चोर नाहीतर भिकारी. पंचायतीने मोजदाद केली : या बायका रोज किती माल वेगळा काढतात, तो डेपोपर्यंत वाहून न्यावा लागला नाही म्हणून शहराचे किती पैसे वाचतात. तो हिशेब टेबलावर ठेवून बोलणी झाली. ओळखपत्रं मिळाली, आरोग्य विम्याचा हप्ता पालिकेने भरायला घेतला आणि २००८ ला 'स्वच्छ' सहकारी संस्थेचा पालिकेशी करार झाला. आज दारात येऊन ओला-सुका मागते ती बाई त्या हिशेबातून उभी राहिलीय.

गंमत बघा, इथे मोजणाऱ्यांना मोजायचं होतं कारण आकडा त्यांना स्वतःला वापरायचा होता. "आमचं दुःख ऐका" म्हणून कोणी ऐकलं नव्हतं. "तुमचे पैसे आम्ही वाचवतो" म्हटल्यावर खुर्ची मिळाली. हे चांगलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

उन्हाळी_आवळा

वाईटच. माणूस म्हणून नाही, बचत म्हणून किंमत.

काचपत्रा

सकाळी सहाला कंटेनरमध्ये हात घालणाऱ्या मावशीला विचारा, कोणत्या कारणाने विमा मिळाला म्हणजे चालेल.

दंडघेर

धागा वाचतेय आणि पोटात ढवळतंय. माझी सख्खी बहीण अंगणवाडीत सेविका आहे (कुठे ते जाऊ द्या). मुलाच्या दंडाला पट्टी लावायची, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे सॅम (तीव्र कुपोषित), साडेबाराच्या खाली मॅम (मध्यम कुपोषित). वजन, उंची वेगळी. सगळं वहीतही आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपवरही. तिने एका महिन्यात तीन मुलं सॅम दाखवली. लगेच वरून फोन, "ताई, पुन्हा मोजा." पुन्हा मोजली, तीच तीन. परत फोन, "तुमच्याच केंद्रात कशी निघतात?" पुढच्या महिन्यात शेजारच्या केंद्रातल्या बाईने एकही दाखवलं नाही, मिटिंगमध्ये तिचं कौतुक झालं.

मूल तेच. पट्टी तीच. पण आकडा खालच्याची परीक्षा झाला की पट्टी सैल धरायला हात आपोआप शिकतो. मूल्यमापन मूल्यमापन करणाऱ्यांनी आधी हे सांगावं, वाईट आकडा आणणारीला तुम्ही काय देणार? शाबासकी की नोटीस?

मोजपट्टी

निःशब्द. ताई, तुमच्या बहिणीला सांगा, पट्टी घट्टच धर.

आणि पर्वतीपायथा ताई, हे तुम्हालाही लागू. कंपनीला आधीच लिहून द्या, की आमचा आकडा वाईट येऊ शकतो आणि आला तर तो तसाच छापू. त्यावर त्यांचा चेहरा कसा होतो ते बघा.

खडकवासला_डावाकालवा

सिंहगड रस्त्यावरून लिहितोय. २०२५ चा जानेवारी आठवतो ना? पोटाची साधी बिघाडं, मग एकेकाचे पाय लुळे पडायला लागले. जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) हा शब्द तोवर आम्ही ऐकला नव्हता. रुग्णांचे पत्ते नकाशावर टाकले तेव्हा इथलं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी असा सलग पट्टा दिसला. एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) तपासलेल्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि बोट पाण्याकडे गेलं. १८५४ साली लंडनच्या सोहोत डॉक्टर जॉन स्नोने कॉलऱ्याच्या मृत्यूंची घरं मांडून एका हापशाकडे बोट दाखवलं होतं, तीच रीत.

मला म्हणायचंय ते वेगळंच. २०१७ ला अकरा आणि २०२१ ला तेवीस गावं शहरात आली. शहराची सरासरी काढली तर पुण्याचं पाणी उत्तमच दिसणार, जुनं शहर मोठं आहे, ते सगळं झाकून टाकतं. आम्ही त्या सरासरीत विरघळलो होतो. नकाशाने बाहेर काढलं, पण लोक आयसीयूत गेल्यावर.

शेजारच्या_काकू

माझा भाचा होता त्यात. बरा आहे आता, पण चार महिने काठी होती. आमच्याकडे अजून पाणी उकळूनच.

चौथा_जिना

सरासरीवरून आठवलं. ताई, तुमची समाजमंदिरातली वही आहे ना, तिच्यात घराचा नंबर किंवा गल्ली लिहिता का? लिहीत असाल तर फॉर्म-बिर्म सोडा. वहीतली नावं कुठल्या गल्लीतली आहेत ते एकदा बघा. मला एक शंका आहे, पण आधी सांगत नाही.

मोजपट्टी

+१. चौथा_जिना यांनी एका ओळीत जे सांगितलं ते शिकवायला मला एक सत्र लागायचं. स्त्री-पुरुष, वय, गल्ली. एकूण आकडा सर्वांत शेवटी बघा.

हिशेबनीस

आणि एक : वही कंपनीला, एजन्सीला देऊ नका. नावं, फोन नंबर, कोणाला साखर आहे, काहीही नाही. फोटोही नकोत. बेरजा द्या. लोकांनी बीपी तुम्हाला दाखवलंय, त्यांच्या वार्षिक अहवालाला नाही.

पर्वतीपायथा

मंडळी, सहा आठवड्यांनी परत आले. धागा वर काढल्याबद्दल माफी.

वहीत गल्ली होती. बँकेची सवय, पत्ता लिहिल्याशिवाय हात पुढे जात नाही. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर वस्तीचा नकाशा काढला. आम्ही नाही काढला, बचत गटातल्या बायकांनी काढला, आम्ही स्केचपेनं पुरवली. मग वहीतलं प्रत्येक नाव म्हणजे एक टिकली. कपाळावरची टिकली, पाकिटातून काढून.

खालच्या गल्ल्या लालेलाल. समाजमंदिराच्या आसपास तर टिकलीवर टिकली. आणि मारुतीच्या देवळाच्या वर जवळजवळ कोरं. अर्धी वस्ती तिथे राहते! तीन वर्षं आम्ही "वस्तीत काम करतो" म्हणत होतो आणि अर्ध्याच वस्तीत करत होतो.

चौथा_जिना, तुमची शंका तीच होती ना? मी म्हटलं, जिने चढवत नसतील म्हाताऱ्यांना. बायका हसल्या. त्या भांडीवाल्या ताई (आता नावाने ओळखते, इथे लिहीत नाही) म्हणाल्या, "वर पाणी किती वाजता येतं ते कोणी विचारलं का?" वरच्या भागात पाणी नऊला येतं आणि साडेदहाला जातं. नऊ ते अकरा. आमची वेळ! तीन वर्षं आम्ही बरोब्बर पाण्याच्या वेळेला खाली टेबल मांडून बसत होतो आणि आपसात म्हणत होतो, वरच्या लोकांना आरोग्याची जाण नाही.

मंगळवारी संध्याकाळी साडेसातला देवळाच्या पारावर दुसरं टेबल लावायला सुरुवात केलीय. पहिल्याच दिवशी रांग. कामावरून परतणाऱ्या बायका, पिशवी हातातच. त्यातल्या एकीचं बीपी असं निघालं की नर्सबाईंनी रिक्षा करून तिला त्याच रात्री दवाखान्यात नेलं. ती खाली कधीच आली नव्हती.

ज्यांचं आधी जास्त होतं त्यांचा आकडाही काढला, मोजपट्टीसरांनी सांगितला तसा, गळालेल्यांना धरून. निम्म्याहून कमी लोकांचं नियंत्रणात आहे. वाईट वाटलं. मग समाजमंदिरात फळ्यावर लिहिला, सगळ्यांसमोर. एक आजोबा म्हणाले, दवाखान्यात महिन्याच्या ऐवजी दहाच दिवसांच्या गोळ्या देतात, प्रत्येक फेरीला अर्धा दिवस मजुरी जाते, कोण जाईल? तीसएक हात वर झाले. हे आता महिन्याच्या गोळ्यांसाठी अर्ज म्हणून लिहून, सह्या घेऊन दवाखान्याच्या डॉक्टरांना द्यायचंय. त्याबाबतीत लालपिवळंहिरवं, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.

खर्च : कागद, स्केचपेनं, टिकल्यांची पाकिटं, चहा, मिळून हजाराच्या आत. साठ हजारांचं पत्र कंपनीला पाठवलं, आकडा वाईट येऊ शकतो हेही लिहिलं. अजून उत्तर नाही.

डॉ_बिनपाटीचे

दहा दिवसांच्या गोळ्या! आम्ही डॉक्टर लोक याला 'रुग्णाचा हलगर्जीपणा' म्हणून केसपेपरवर लिहितो. मी स्वतः लिहिलंय.

लालपिवळंहिरवं

व्यनि बघितला. अर्जात आजोबांची मजुरी रुपयांत लिहा, फेऱ्या किती तेही. आणि द्यायला एकट्या जाऊ नका, आजोबांनाच बोलू द्या. डॉक्टरांना आधी भेटून घ्या, ते तुमच्याच बाजूचे निघू शकतात, साठाच कमी येत असेल.

दंडघेर

टिकल्यांची आयडिया बहिणीला पाठवली. म्हणाली, "आमच्याकडे लावली तर वरून फोन येईल." पण हसत म्हणाली, बऱ्याच दिवसांनी.

जुना_पेठकर

नकाशा कपाटात ठेवू नका एवढंच.

पर्वतीपायथा

समाजमंदिराच्या भिंतीवर आहे काका. मुलं टिकल्या काढून कपाळाला लावतात, तेवढा डेटा रोज गळतो.

अर्धाकटिंग

इतके दिवस टवाळक्या केल्या, आता मंगळवारी येतो. मशीन चालवता येत नाही, पण रांग लावता येते, पंधरा वर्षं पासपोर्टच्या रांगा बघितल्यात. वर जायच्या पायऱ्या किती आहेत?

चौथा_जिना

एकशे अठरा. आमच्याकडच्या मोजल्या होत्या लहानपणी, ताईंकडेही तेवढ्याच असतील. येताना बॅटरी आणा, वरच्या वळणावरचा दिवा गेलाय.